घरी शिवलेला किल्ट वाऱ्याने उडू नये म्हणून काय करावे?

प्रश्न : सुईदोरा, नेरूळ
माझा भाचा बॅगपाइप वाजवणाऱ्या पथकात आहे. त्याच्यासाठी मी पॉलिएस्टर-व्हिस्कोस सुटिंगचा किल्ट, म्हणजे स्कॉटलंडमधले पुरुष घालतात तो गुडघ्यापर्यंतचा प्लेट्सचा घागरा, घरी शिवला असून मागे प्लेट्स आणि पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पल्ले, अशी त्याची रचना आहे. एरवी तो नीट बसतो. परंतु पाम बीच मार्गालगत सराव असला की दुपारनंतर खाडीवरून येणारा वारा मागच्या प्लेट्स उचलतो आणि दोन्ही हात वाद्यात गुंतलेले असल्याने त्याला त्या सावरता येत नाहीत. खालच्या दुमडीत वजन घालावे का, आणि घालायचे तर नेमके कुठे?

उत्तर : पन्हा, नौपाडा
ताई, वजनाआधी प्लेट्सकडे पाहा. पारंपरिक किल्टला ८ वार, म्हणजे सव्वासात मीटरहून थोडे अधिक लोकरी कापड लागते; त्यातले बहुतेक मागच्या खोल प्लेट्समध्ये जाते आणि त्या प्लेट्स कमरेपासून नितंबांपर्यंत पक्क्या शिवलेल्या असतात, त्यामुळे वाऱ्याला सुटा थर सहसा सापडत नाही. आपले सुटिंग त्या मानाने हलके असते. म्हणून प्रत्येक प्लेटच्या आतल्या घडीवर, कडेपासून दोन मिलिमीटर सोडून, शिवलेला भाग संपतो तिथपासून खालपर्यंत टीप मारा. बाहेरून ती दिसत नाही आणि घडी मोडत नाही.

उत्तर : काजबटण, वाशी
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण वजनही हवेच. साडीला आपण फॉल लावतो तो काठ जड होऊन नीट पडावा म्हणूनच; तीच सुती पट्टी किल्टच्या मागच्या भागाला आतून लावावी. पट्टी आधी भिजवून वाळवावी, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटते आणि काठ गोळा होतो. तेवढ्याने भागले नाही, तर बारीक चपट्या स्टीलच्या साखळीचे बोटभर तुकडे कापडी पिशवीत शिवून एकाआड एक प्लेटच्या आतल्या घडीत, फॉलच्या मागे टाचावेत. शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीच्या जाकिटांच्या खालच्या कडेला आतून साखळी असते, तीही कापड सरळ पडावे म्हणूनच. वजन बाहेरच्या घडीत मात्र कधीही घालू नये, कारण तिथे फुगवटा दिसतो आणि चालताना ते पोटरीवर आपटते. पडद्यांसाठी मिळणारी शिशाची वजने मी अंगावरच्या कपड्यात वापरणार नाही.

उत्तर : टाचणी, कोपरी
पुढच्या बाजूची पिन फक्त वरच्या पल्ल्याला लावा. दोन्ही पल्ले एकत्र टाचले, तर पाऊल टाकताना ताण येऊन कापड फाटते. पुढे लटकणारी स्पोरॅन ही पिशवी पल्ला दाबून धरते, म्हणून ती सरावातही घालावी. वाऱ्याचा भरवसा नाही, तेव्हा आत गडद रंगाची आखूड पँट असू द्या.

सुईदोरा, नेरूळ
सर्वांचे मनापासून आभार. फॉल घरात आहे, त्यामुळे मागची दुमड आजच उसवते. आधी फॉल लावू की आधी आतल्या घडीची टीप मारू?

पन्हा, नौपाडा
आधी फॉल. मग कच्च्या दोऱ्याने प्लेट्स बांधून, वर ओले फडके ठेवून इस्त्री करा आणि शेवटी टीप मारा, म्हणजे ती फॉलवरूनही जाईल. खाली थर जाड होतील, तिथे १६ नंबरची सुई लावा आणि मशीन हळू चालवा.