मदत हवी आहे : अर्धी शेड सामासिक अंतरात, अर्धी फुटपाथवर, नोटीस एक की दोन?

आमची मुंबईबाहेरची महापालिका, म्हणजे १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. तळमजल्यावरच्या दुकानापुढे लोखंडी अँगल आणि पत्र्याची शेड, ६.२० × २.७५ मीटर. २.७५ पैकी १.८५ मीटर सामासिक अंतरात (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), उरलेली ०.९० मीटर फुटपाथवर. अँगल मात्र सलग, मधे जोड नाही.

फुटपाथवरचा भाग कलम २३१ खाली विनानोटीस काढता येतो. आतल्या भागाला कलम २६० ची कारणे दाखवा नोटीस लागणारच, शिवाय १३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे नोटिशीचे १५ दिवस, सुनावणी, कारणांसह आदेश आणि त्यानंतर पाडण्याआधी पुन्हा १५ दिवस. त्या निकालातून रस्ता-फुटपाथ वगळला आहे, आतला भाग नाही. बाहेरचे आधी कापले की आतले पत्रे लोंबकळणार आणि मालक त्यावरच स्थगिती मागणार, हे उघड आहे.

नोटिशीचे रजिस्टर टपाल ‘घेण्यास नकार’ शेऱ्याने परत आले आहे. शटरवर नोटीस डकवली, दोन पंचांच्या सह्यांचा पंचनामा केला, तारीख-वेळेसह फोटो आहेत. पंचनाम्यात मापे आहेत, पण फुटपाथची हद्द कुठल्या खुणेपासून मोजली ते लिहायचे राहिले.

विचारायचे ते असे :
१५ दिवस नकाराच्या शेऱ्यापासून धरता की डकवल्यापासून?
हद्दीसाठी पुरवणी पंचनामा चालतो, की नोटीसच नव्याने काढावी?
आत तात्पुरता टेकू देऊन बाहेरचा भाग कुणी आधी कापला आहे का?
कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय स्थगिती देऊ नये, असा न्यायालयात आधीच दिलेला अर्ज) ९० दिवसच टिकते. ते आत्ता दाखल करावे की अंतिम आदेशाच्या दिवशी?