पहिली-दुसरीच्या मुलांना तोल कसा शिकवावा?

शाळेतली_बाई:
नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. वेगळे क्रीडाशिक्षक नाहीत, खेळाचा तासही माझ्याकडेच. खेलो इंडियाच्या चाचणीत ५ ते ८ वर्षांच्या मुलांची उंची-वजन सोडून दोनच गोष्टींत परीक्षा असते: पट्टीवर एका पायावर उभं राहणं (फ्लेमिंगो) आणि दोन चकत्यांवर आलटून-पालटून हात टेकवणं. ती पट्टी जेमतेम ३ सेंमी रुंद! मुलं चढतात, लगेच उतरतात, बाकीची हसतात. दोघी-तिघी तर आता पट्टीजवळ यायलाच तयार नाहीत. साहित्य म्हणजे चार दोऱ्या, दोन चेंडू आणि लेझीम. काय करू?

मैदानकर:
बाई, पट्टी तूर्त कपाटात ठेवा. मी आयुष्यभर हेच शिकवलं, आता निवृत्त आहे, म्हणून हक्काने सांगतो. या वयात पोराला तोल उभं राहून येत नाही, हलताना येतो. मल्लखांबावरही आपण नव्या मुलाला थेट बोंडावर, म्हणजे खांबाच्या टोकावर, चढवत नाही. आधी खाली हाताची पकड आणि अढी, म्हणजे पायांची पकड, पक्की करून घेतो.

तुमच्याकडे लंगडी आहे ना? त्याहून चांगलं साधन मला तरी माहीत नाही. फक्त एक बघा, बहुतेक मुलं कायम एकाच पायावर घालतात. म्हणून जाताना उजवा, येताना डावा, असा नियमच करा. मध्येच तुम्ही टाळी वाजवायची आणि सगळ्यांनी आहे त्या पायावर पुतळा व्हायचं. धावता जीव अचानक थांबवताना जो तोल सावरावा लागतो, तोच पुढे पट्टीवर कामी येतो.

मुलांना चपला काढायला लावा आणि तुम्ही समोर उकिडव्या बसून त्यांचं पाऊल बघा. बोटं माती धरतात, घोटा आत-बाहेर थरथरतो. ती थरथर थांबवायला जाऊ नका, तोल शिकणं म्हणतात ते तेच. आपण घट्ट हात धरला की घोट्याचं काम आपणच करून टाकतो. फार तर एक बोट पुढे करा, पोरगी हवं तेव्हा धरेल, हवं तेव्हा सोडेल. "पडशील!" हा शब्द मैदानावर नकोच. तो ऐकला की मूल श्वास रोखतं, खांदे कानाला लावतं आणि खरंच पडतं. त्याऐवजी "समोरच्या झाडाकडे बघ" म्हणा.

आणि रांग मोडा. तीस मुलं आणि एक पट्टी म्हटल्यावर तासातला बहुतेक वेळ वाट बघण्यातच जाणार. खडूने सगळ्या अंगणात रेघा मारा. सरळ, वाकड्या, वळणाच्या. सगळी एकदम चालू लागली की कोणी कोणाला हसायला मोकळं राहत नाही.

फिजिओ_नाशिक:
सरांशी सहमत. तोलाची माहिती मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते: डोळे, कानाच्या आतला भाग, आणि स्नायू-सांधे. एका पायावर उभं राहून डोळे मिटले की मोठी माणसंही डगमगतात, कारण त्यातला एक आधार गेलेला असतो. मुलांसाठी हा छान खेळ होतो, फक्त भिंतीजवळ घ्या. एखादं मूल बरोबरीच्या मुलांपेक्षा सारखंच अडखळत किंवा धडकत असेल, तर त्याला धांदरट म्हणू नका. नजर आणि कान तपासून घ्यायला पालकांना सांगा.

शाळेतली_बाई:
मनापासून आभार. रेघा उद्याच मारते. पण हाताचं काय? आमची मुलं चेंडू आला की डोळेच मिटतात.

मैदानकर:
चेंडू वेगाने येतो, म्हणून भीती वाटते. जुन्या ओढणीचे रुमालाएवढे तुकडे करा. वर उडवलेला तुकडा तरंगत खाली येतो, मुलाला बघायला आणि हात न्यायला वेळ मिळतो. आधी दोन्ही हातांनी, मग एका, मग उजव्या बाजूचा तुकडा डाव्या हाताने. हात शरीराच्या मधली रेघ ओलांडून पलीकडे जायला हवा. चकत्यांच्या चाचणीतही हात असाच इकडून तिकडे न्यायचा असतो, अशा २५ फेऱ्या. हे जमलं की चेंडू, तोही आधी टप्पा देऊन. सागरगोटे खेळू द्या, पावसाळ्यात वर्गातही होतात.

लेझीम या वयाला जड पडते. नुसती पावलं घ्या, ताल टाळीवर. पाय तालात बसले की हात आपोआप मागून येतात. दोरीवरच्या उड्यांचंही तसंच. आधी दोरी जमिनीवर आडवी ठेवून उड्या, मग दोन्ही मुठी एका हातात धरून बाजूला नुसती फिरवायची, आपटल्याचा आवाज ऐकायचा. त्या आवाजावर उडी बसली की मगच दोरी डोक्यावरून.

पट्टी सगळ्यात शेवटी काढा. फ्लेमिंगोत मोकळा पाय मागे दुमडून हाताने धरायचा असतो, ते आधी जमिनीवर जमू दे. आणि त्या घाबरलेल्या मुलींना नियम नीट समजावून सांगा: पाय टेकला की घड्याळ थांबतं, पुन्हा चढलं की पुढे चालू होतं, अशी ६० सेकंद पुरी करायची. खाली आलीस म्हणजे बाद झालीस, असं नसतं. त्यांना बहुधा हे कोणी सांगितलेलंच नाही.