मदत हवी आहे: भावाला लकव्याचा झटका, हृदयात छिद्र आणि एलडीएल १४८. दोष कशाचा?

पळसफूल:

नमस्कार. माझा धाकटा भाऊ, वय ४३. पांढरकवड्याच्या बाजूला आमचं गाव, कपाशी-तुरीचं वावर. दिवाळीनंतर दुसऱ्या वेचणीत कापसाचं गाठोडं डोक्यावर घ्यायला म्हणून जोर लावला, आणि उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. अर्ध्या-पाऊण तासात हात हलू लागला, म्हणून घरचे म्हणाले थकवा असेल. मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा शेजारचे एक काका त्याच्या दंडाला लकव्याचं तेल चोळत होते. दवाखान्यात नेईपर्यंत तिसरा दिवस उजाडला. हा उशीर मला अजून खातो.

एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तपुरवठा बंद पडल्याचा छोटा डाग आहे. शिरेतून बुडबुड्यांचं पाणी सोडून इको केली, त्यात वरच्या दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्यात छिद्र निघालं, पीएफओ. रक्ताचा रिपोर्ट: एकूण कोलेस्टेरॉल २२८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३३, ट्रायग्लिसराइड २३६. साखर ठीक, बीपी १३८/८६. खर्रा (तंबाखू-सुपारी) दिवसाला तीन-चार पुड्या, दहा वर्षांपासून. आमचे बाबा ५१ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले.

एक डॉक्टर म्हणतात छत्री, म्हणजे छिद्र बुजवणारं छोटं उपकरण, टाकून छिद्र बंद करा. दुसरे म्हणतात असं छिद्र चारातल्या एका माणसाला असतं, त्याच्यामागे लागू नका, चरबी खाली आणा. दोघंही जाणकार आहेत, पण पाच मिनिटांत उठावं लागलं आणि मी गोंधळून बाहेर आले. या चरबीच्या आकड्यांवरून छिद्र निर्दोष आहे असं म्हणता येतं का?

दुसरी अडचण घरातली. तो ५४ किलोचा. म्हणतो, "मी काडीसारखा, भाकर-वरण खातो, मले कोलेस्टेरॉल कुठून?" गोळी घ्यायला तयार नाही. त्याला काय सांगू?

बांधावरचा_डॉक्टर:

ताई, मी ग्रामीण भागात फिजिशियन आहे. भावाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे फक्त समजण्यापुरतं.

छिद्रातून येणारी रक्ताची गुठळी आणि चरबीमुळे होणारी गुठळी यांचे रस्ते वेगळे. पायाच्या शिरेत झालेली गुठळी एरवी फुप्फुसात अडकते. छिद्र असेल तर ती उजवीकडून थेट डावीकडे जाऊन मेंदूत पोचू शकते. तुम्ही लिहिलेलं गाठोडं म्हणून महत्त्वाचं आहे. श्वास रोखून जोर लावला की उजव्या कप्प्यातला दाब वाढतो, तेवढ्या क्षणी छिद्रावरचं पडद्याचं झाकण उघडतं. हे डॉक्टरांना सांगितलंय का? नसेल तर नक्की सांगा.

चरबीचा रस्ता मानेतून जातो. एलडीएल वर्षानुवर्षं जास्त राहिलं की मानेच्या धमनीत थर बसतो, तो फुटला की मेंदूकडे तुकडा जातो. पण १४८ हा आकडा एकटा काहीच सिद्ध करत नाही. थर आहे का ते मानेची डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) सांगेल. पायाच्या शिरांची डॉपलर आणि ठोके तपासायला होल्टर (अंगाला लावून ठोके सतत नोंदवणारं यंत्र), हेही झालेलं असावं. थर निघाला तर छिद्रावरचा संशय कमी होतो. काहीच सापडलं नाही तर छिद्राकडे बोट जातं. २०१७ मध्ये तीन मोठे अभ्यास एकदम आले. १८ ते ६० वयाच्या, दुसरं कारण न सापडलेल्या रुग्णांत छिद्र बंद केल्याने पुन्हा झटका येण्याचं प्रमाण कमी झालं. 'दुसरं कारण न सापडलेल्या' हे शब्द विसरू नका. म्हणून दोन डॉक्टरांचं मत भिडतंय असं मला वाटत नाही. मधली तपासणी बाकी आहे.

बारीक माणसाला कोलेस्टेरॉल नसतं हा समज आपल्याकडे फार आहे. एलडीएलचा मोठा भाग यकृतच बनवतं, आणि किती बनवायचं हे बरंचसं वंशातून येतं. वडील ५१ व्या वर्षी गेले आहेत, तर लायपोप्रोटीन ए (एलडीएलसारखाच रक्तातला चरबीचा एक कण) ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या, जमलं तर तुम्हीही. ती वंशातूनच ठरते, जेवण बदलून फारशी हलत नाही. ट्रायग्लिसराइडचं रक्त चहा-पोहे खाऊन दिलं होतं का तेही आठवा, तो आकडा खाण्याने चढतो. आणि मानेत थर निघालाच तर एलडीएल ७० च्या खाली आणायचा प्रयत्न करतात. भाकरीने तेवढं होत नाही, गोळी लागते. खर्रा तर आजच बंद.

वणी_ची_सून:

ताई, माझ्या नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी छत्री बसवली. मांडीतून नळी घालून केलं, छाती उघडली नाही. पण छिद्र बुजलं म्हणून त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी आपणहून सोडली, आणि सहा महिन्यांनी एलडीएल जिथं होतं तिथंच. छत्री चरबी थांबवत नाही, एवढं भावाला माझ्या नावाने सांगा. खर्चासाठी राशन कार्ड आणि आधार घेऊन जा. महात्मा फुले योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, त्यांना आजाराचं नेमकं नाव दाखवून विचारा.

बांधावरचा_डॉक्टर:

एक राहिलं. हात हलायला लागला तरी झटका झटकाच. पुन्हा तोंड वाकडं, हात लुळा, बोबडं बोलणं असं काही दिसलं तर तेल नाही, थेट १०८. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात, आणि तुमच्या गावाहून नागपूर लांब आहे. 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत केलेला अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात मृत्यूचं पहिलं कारण पक्षाघातच निघालं होतं. भावजयीलाही ही लक्षणं पाठ करायला लावा.

पळसफूल:

दोघांचे मनापासून आभार. गाठोड्याची गोष्ट मी कोणत्याच डॉक्टरांना सांगितली नव्हती, मला ती महत्त्वाची वाटलीच नाही. रक्त त्याने चहा-बिस्किट खाऊन दिलं होतं, भावजयीने आत्ता फोनवर सांगितलं. शुक्रवारी यवतमाळला मानेची डॉपलर आणि उपाशीपोटी पुन्हा रक्त. १०८ चा नंबर चुलीच्या वर भिंतीवर खडूने लिहायला सांगितला. गोळी घेतो म्हणाला नाही अजून, पण बाबांचं वय विचारत होता. रिपोर्ट आला की इथेच टाकते.