अपंगत्व कायद्यात परदेशी एलएलएम: गॉलवे, लीड्स की सिरॅक्यूज?

रानजाई
नमस्कार मंडळी. काही वर्षं वकिली करतेय. माझ्याकडे नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली (बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम वगैरे असलेल्यांसाठीचा कायदा) पालक नेमण्याचे अर्ज बरेच येतात. मुलगा अठरा वर्षांचा झाला की आईवडील कागद घेऊन दारात. बँकेने खातं अडवलेलं असतं, नाहीतर जमिनीच्या कागदावर सही हवी असते. पालक नेमणाऱ्या समितीपुढे सगळे आईशी बोलतात. ज्याच्यासाठी पालक नेमायचा तो शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो आणि त्याला साधं नावही कोणी विचारत नाही. हे मला आता बघवत नाही. हा विषय मुळापासून शिकायचाय आणि शिकून परत इथेच काम करायचंय. एलएलएम करू की डिसॅबिलिटी स्टडीजमध्ये एमए? आयर्लंडमधलं गॉलवे, ब्रिटनमधलं लीड्स, अमेरिकेतलं सिरॅक्यूज ही तीन विद्यापीठांची नावं सारखी पुढे येतात. रँकिंग बघून काहीच उलगडा होत नाही.

सोनसळी
रानजाई, तुमचं काम वाचून मी आधी गॉलवेच म्हणेन. मी तिथलीच, त्यामुळे बाजू घेतेय असं वाटेल, पण कारण ऐका.

तुमची सगळी अडचण सीआरपीडीच्या (संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार) कलम 12 मध्ये आहे: अपंग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे, म्हणजे आपले कायदेशीर निर्णय स्वतः घेण्याचा हक्क. यावर संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2014 मध्ये पहिलं सर्वसाधारण भाष्य काढलं. त्याचा गाभा असा की त्या माणसाच्या वतीने दुसऱ्याने ठरवण्याची पद्धत मोडीत काढा आणि त्याला स्वतः ठरवता येईल असा आधार उभा करा. गॉलवेचं सेंटर फॉर डिसॅबिलिटी लॉ अँड पॉलिसी 2008 मध्ये जेरार्ड क्विन यांनी सुरू केलं. कलम 12 हा तिथला जीव की प्राण विषय. क्विन पुढे 2020 ते 2023 या काळात अपंग हक्कांसाठीचे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक (परिस्थिती पाहून अहवाल देणारे तज्ज्ञ) होते.

दुसरं म्हणजे आयर्लंडने हे प्रत्यक्ष करून पाहिलंय. तिथे 1871 च्या ल्युनसी कायद्याखाली माणसाला ‘न्यायालयाच्या ताब्यातली व्यक्ती’ ठरवत, की त्याचा पैसा, घर, उपचार सगळंच दुसऱ्याच्या हाती जाई. ते बदलणारा कायदा 2015 मध्ये मंजूर झाला, पण अंमल सुरू व्हायला 26 एप्रिल 2023 उजाडला. त्यात तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर मदतनीस फक्त माहिती मिळवून देतो, समजावतो, निर्णय त्या माणसाचाच. दुसऱ्या पायरीवर दोघं मिळून ठरवतात. तिसरीवर न्यायालय प्रतिनिधी नेमतं. वर्गात खरी खडाजंगी व्हायची ती या तिसऱ्या पायरीवरून. ही जुनी पालकत्वाचीच पद्धत नव्या नावाने आली का? माझं मत विचाराल तर बऱ्याच अंशी हो. प्रतिनिधीने त्या माणसाची इच्छा काय हे शोधलं पाहिजे, हे कायद्यात आहे. पण ती कशी शोधली याचा हिशेब कोणी मागितला नाही, तर तुमच्या समितीत आणि त्या न्यायालयात फरक तो काय राहिला?

आता आपल्याकडे बघा. 2016 च्या अपंग हक्क कायद्याचं कलम 14 मर्यादित पालकत्व म्हणतं, म्हणजे परस्पर विश्वासाने दोघांनी मिळून घेतलेला निर्णय. आणि बाजूला 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा तसाच उभा. तुमच्या फायली या दोन कायद्यांच्या मधोमध अडकल्यात. प्रबंधाचा विषय आयता आहे!

लीड्सचा पिंड वेगळा. ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी जी सामाजिक प्रतिमानाची मांडणी केली (माणसाला अडवतं ते त्याचं शरीर नाही, समाजाने उभे केलेले अडथळे) ती तिथल्या अभ्यासाचा पाया आहे. सरकारी योजना, भत्ते, कपात यांवर काम करायचं असेल तर जरूर लीड्स. 2016 मध्ये सीआरपीडी समितीने चौकशी करून ब्रिटनच्या भत्तेकपातीत हक्कांचं गंभीर किंवा पद्धतशीर उल्लंघन झाल्याचं म्हटलं. असा विषय शिकायला तोच देश हवा. सिरॅक्यूजचा कार्यक्रम चांगला आहे, पण अमेरिकेने सीआरपीडीवर 2009 मध्ये सही केली आणि मंजुरी अजून दिलेली नाही. साहजिकच तिथे भर 1990 च्या एडीए या तिथल्या अपंगविषयक भेदभावविरोधी कायद्यावर आणि खटल्यांवर. तुम्हाला तो लांबचा वळसा पडेल.

अर्जाच्या निबंधात ‘लहानपणापासून सेवेची आवड’ वगैरे लिहू नका, कळकळीने सांगते. ती खुर्ची लिहा. समितीत कोण काय बोललं, आदेशात कोणतं वाक्य आलं, ते लिहा.

धुकं_सकाळचं
सोनसळीताईंशी सहमत. पैशांचं सांगतो. आयर्लंड सरकारची आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, वर्षाची फी माफ आणि 10,000 युरो. लीड्स ठरलं तर ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती बघा. त्याला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. तुम्हाला परतायचंच आहे, तेव्हा ती अट आड येणार नाही.

चाफेकळी
मी स्क्रीनरीडरवर वाचते, म्हणून हा धागा वाचणाऱ्या अपंग मित्रमैत्रिणींसाठी थोडं. ब्रिटनमधला डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्स हा अपंग विद्यार्थ्यांचा भत्ता आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना सहसा मिळत नाही. पण 2010 च्या इक्वॉलिटी कायद्याने वाजवी सोयी करून देण्याची जबाबदारी विद्यापीठावर आहे, आणि ती आपल्यालाही लागू होते. प्रवेश स्वीकारण्याआधीच ईमेलवर लेखी विचारा: लेखनिकाचा खर्च कोण देणार, स्कॅन केलेल्या पीडीएफ वाचता येण्याजोग्या कोण करून देणार आणि किती दिवसांत. हा विषय शिकवणाऱ्यांनाही हे विचारावं लागतं, संकोच करू नका. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला जादा वेळ किंवा ब्रेल प्रश्नपत्रिका हवी असेल तर प्रमाणपत्रासह खूप आधी कळवा.

रानजाई
सगळ्यांचे आभार. सोनसळीताई, तो तिसऱ्या पायरीचा मुद्दा डोक्यातून जात नाहीये. अर्जाआधी काय वाचू?

सोनसळी
2014 चं ते भाष्य. संयुक्त राष्ट्रांच्या साइटवर फुकट आहे आणि छोटं आहे. ते वाचताना तुमचा एखादा जुना आदेश शेजारी ठेवा. निबंधाचा कच्चा खर्डा झाला की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी वाचून देते.