पावसात लंगोट वाळवायचे कसे?

गुहागरची नवी आई: जागरणं होणार हे सगळ्यांनी सांगितलं होतं, आषाढात लंगोट वाळत नाहीत हे कोणीच नाही. पडवीत दोऱ्या, माजघरात दोऱ्या, तरी कुबट वास. सासूबाई म्हणतात, धुरी देऊ कपड्यांना. शिवाय बाळाला घुटीतून मध चाटवायचाय त्यांना!

मालवणची आजी: धूर नको गो बाय, पोराक खोकलो येतलो. घट्ट पिळून पंख्याखाली घाल, मगे इस्त्री फिरव.

दापोलीकर बाबा: मध वर्षाच्या आत अजिबात नाही, बोट्युलिझमचा (जंतूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. (आमच्याकडे यावरून महाभारत झालं होतं.)

गुहागरची नवी आई: इस्त्री करीन, वीज असली तर! मधाचं मात्र सासूबाईंना त्यांच्या लेकाकडूनच सांगवते.