हायब्रीड हॅचबॅक घ्यावी का? (इंग्लंड, एक लहान मूल, उन्हाळ्यात आईबाबा)

रेडिंगकर_नवा
मंडळी, सल्ला हवाय. आम्ही रेडिंगला राहतो. मुलगा दोन वर्षांचा, म्हणजे मागे एक भलंमोठं चाइल्ड सीट कायमचं. रोजचं चालवणं पाळणाघर, स्टेशन, किराणा एवढंच. अधूनमधून लंडन नाहीतर लेस्टरची बहीण. घराला ड्राइव्हवे नाही, गाडी रस्त्यावर उभी राहणार, त्यामुळे इलेक्ट्रिक आणि प्लग-इन दोन्ही बाद. बजेट पंधरा-सोळा हजार पौंड, अर्थात सेकंडहँड. होंडाची जॅझ, टोयोटाची यारिस आणि कोरोला या तिघींत अडकलोय. दर उन्हाळ्यात आईबाबा येतात, बाबांचे गुडघे दुखतात. बायकोला इथली ड्रायव्हिंग टेस्ट अजून द्यायची आहे. कोणी वापरतंय का?

चकलीची_भाजणी
आमच्याकडे २०२१ ची जॅझ आहे. ॲव्हरेजचं सगळेच सांगतील, मी मागच्या सीटचं सांगते. हिची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटांखाली आहे. त्यामुळे मागच्या सीटची बैठक थिएटरातल्या खुर्चीसारखी वर उचलता येते आणि खाली सपाट जागा मिळते. बाबागाडी न मिटता उभी राहते, कुंडीतलं झाडसुद्धा राहतं. पाय ठेवायला ऐसपैस जागा आणि बसायची उंची बरी, म्हणून सासऱ्यांना चढता-उतरताना आधार लागत नाही. यारिसमध्ये त्यांना मागे बसवून बघितलं होतं, गुडघे थेट पुढच्या सीटला. यारिस दोघांसाठी झकास गाडी आहे, पण तुम्ही ती यादीतून काढाच.

आता वाईट बाजू. मोटरवेवर चढ आला की इंजिन बोंबलतं. बूट (डिकी) ३०४ लिटर, म्हणजे मोठी बॅग एक, फार तर दोन. स्टेपनी नाही, पंक्चर किट देतात. खड्ड्यात टायर फाटला तर त्या किटचा उपयोग शून्य, ब्रेकडाउन कव्हर घेऊन ठेवा.

गॅरेजकाका
आधी जाहिराती नीट वाचायला शिका. फिएस्टा आणि स्विफ्टवरही विक्रेते 'हायब्रीड' लिहितात, त्या माइल्ड हायब्रीड. नुसत्या विजेवर चालत नाहीत, इंजिनाला थोडा हातभार लावतात इतकंच. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गाड्यांची हायब्रीड मॉडेलं मात्र खरी हायब्रीड आहेत, थोडा वेळ नुसत्या विजेवरही चालतात.

लोक हायब्रीडच्या मोठ्या बॅटरीला घाबरतात. मी घाबरत नाही. टोयोटाच्या या यंत्रणेत नेहमीचा क्लच नाही, वेगळी स्टार्टर मोटर नाही, अल्टरनेटर नाही. बिघडायच्या वस्तूच कमी. शिवाय दरवर्षी त्यांच्याच डीलरकडे सर्व्हिस केली की वॉरंटी पुढच्या वर्षासाठी वाढते, गाडी दहा वर्षांची किंवा एक लाख मैलांची होईपर्यंत. सेकंडहँड घेणाऱ्यालाही ती लागू. मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा घेणारी जाळी असते. तिच्यावर पोराचं ब्लँकेट पडू देऊ नका आणि सर्व्हिसला ती साफ करून घ्या. ब्रेक मोटरच्या जोरावर लागतात, त्यामुळे पॅड टिकतात, पण कमी वापराने मागच्या डिस्क गंजतात. एमओटीच्या, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीच्या कागदावर तेवढं बघा.

खरा त्रास देते ती छोटी बारा व्होल्टची बॅटरी. आपली माणसं डिसेंबरात पाच-सहा आठवडे भारतात जातात, परत येतात तो गाडी उघडतच नाही. मोठी बॅटरी भरलेली असली तरी बारा व्होल्टवाली मेली की गाडी 'रेडी', म्हणजे चालायला तयार, होत नाही. शेजाऱ्याकडे किल्ली देऊन आठवड्यातून एकदा तासभर रेडीमध्ये ठेवायला सांगा. नुसते दिवे लावून बसला तर बॅटरी उलट उतरेल. बंद गॅरेजमध्ये मात्र नको, इंजिन मधेच आपोआप सुरू होतं. रिमोटच्या आत लोखंडी किल्ली लपलेली असते, ती कुठे लागते हे आजच शिकून घ्या.

सदाशिव_पेठी
भाग्यवान आहात! इथे पुण्यात खरी हायब्रीड हवी तर हॅचबॅक नाहीच, थेट एसयूव्ही नाहीतर सेदान. २०१९ मध्ये बलेनो आणि ग्लान्झा 'स्मार्ट हायब्रीड' म्हणून आल्या होत्या, काका म्हणतात त्याच माइल्ड जातीच्या. चालू द्या, वाचतोय.

रेडिंगकर_नवा
काका, बारा व्होल्टचं कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही जानेवारीत नाशिकला जातोय! ताई, ॲव्हरेज तरी सांगा. आणि हीथ्रोहून आईबाबांना चार बॅगांसकट आणायचं कसं?

लीड्सवाला
ताईंच्या आधी मीच बोलतो. माझी कोरोला हॅचबॅक, १.८. गावात उन्हाळ्यात गॅलनला साठच्या वर मैल, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला एकवीस किलोमीटर. थंडीत हीटरसाठी इंजिन सुरू होतं, मग आकडा घसरतो. मोटरवेवर ताशी सत्तर मैलांनी गेलात तर आणखी खाली. फायदा सगळा सिग्नल आणि ट्रॅफिकमध्ये. तुमचं चालवणं तसंच आहे.

पण कोरोला हॅचबॅकमध्ये मागे जागा बेताची. बाबांसाठी जॅझच. सामानच महत्त्वाचं असेल तर कोरोलाची इस्टेट, म्हणजे मागे लांब डिकी असलेली बघा, १.८ चा बूट ५९६ लिटर. तीच गाडी सुझुकीची 'स्वेस' या नावानेही मिळते, बनलेली डर्बीशायरमधल्या टोयोटाच्याच कारखान्यात. नाव माहीत नसल्यामुळे लोक शोधत नाहीत. मात्र काकांनी सांगितलेली टोयोटाची वॉरंटी तिला नाही.

चकलीची_भाजणी
वर्षातून दोनदा हीथ्रोला जायचं म्हणून उरलेलं वर्ष लांबलचक गाडी रस्त्यावर पार्क करायची? रेडिंग स्टेशनहून रेलएअरची बस थेट हीथ्रोला जाते. बॅगा आणि तुम्ही बसने या, आईबाबांना आणि पिल्लाला टेस्ट पास झालेली बायको गाडीतून आणेल. 😀

टेस्टचं म्हणाल तर तिन्ही गाड्या ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर मॅन्युअल चालवायची परवानगी मिळत नाही. आमच्या घरी त्याने काही अडलं नाही. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून फक्त बारा महिने चालतं, टेस्टच्या तारखा लवकर मिळत नाहीत, तिला आजच बुकिंगला बसवा.

गॅरेजकाका
एक राहिलं. हायब्रीडला मिळणारी रोड टॅक्सची दहा पौंडांची सूट एप्रिल २०२५ पासून गेली, जुन्या लेखांवर विसंबू नका. आणि टोयोटाचीच अगदी जुनी ऑरिस किंवा प्रियस स्वस्तात मिळाली तरी रस्त्यावर उभी करायची असेल तर विचार करा, त्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) चोर कापून नेतात. आतल्या पॅलेडियम-रोडियम या महागड्या धातूंसाठी.

रेडिंगकर_नवा
यारिस बाद. शनिवारी जॅझ आणि स्वेस दोन्ही बघतो, चाइल्ड सीट बरोबर नेतो. सीट लावून शेजारी दोन मोठी माणसं बसतात का ते बघायचंय. आईबाबा इथे नाहीत, तर बाबांच्या उंचीचा कोणी मित्र पकडतो. ताई, जॅझच्या इन्शुरन्सला नव्या ड्रायव्हरचं नाव घातलं की हप्ता किती चढतो?

चकलीची_भाजणी
बराच. पण आधी तिला पास होऊ द्या, मग तिचं नाव घालून आणि न घालता असे दोन कोटेशन काढा. पोस्टकोडवर फार फरक पडतो, माझा आकडा तुमच्या कामाचा नाही.