४ जुलै २०२४ चं मत: सुनक आपले म्हणून त्यांनाच द्यायचं का?

स्लाऊकर
२२ मेला ब्रिटनचे पंतप्रधान ऋषी सुनकनी डाउनिंग स्ट्रीटवर भर पावसात भिजत निवडणूक जाहीर केली तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एकच चाललंय, आपला माणूस आहे, आपणच नाही दिलं तर कोण देणार. मला हे पटत नाही. भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्यालासुद्धा कॉमनवेल्थ नागरिक म्हणून इथे संसदेसाठी मत देता येतं हे मला येऊन दोन वर्षं झाल्यावर कळलं, आणि ते पहिलंवहिलं मत मी रक्त बघून देणार नाही. ऑक्टोबर २०२२ ला ऐन दिवाळीत ते टोरी म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते झाले तेव्हा मीपण ऑफिसात पेढे वाटले होते. पण पुढे काय झालं ते बघा ना, जोडीदाराला आणायला पगाराची अट १८,६०० पौंडांवरून २९,००० वर, नवीन स्किल्ड वर्कर व्हिसाला २६,२०० ची ३८,७००, व्हिसासोबत सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचा हेल्थ सरचार्ज ६२४ चा १,०३५, तोही माणशी आणि दर वर्षाचा. नवरा-बायकोचा तीन वर्षांचा व्हिसा म्हटला तर नुसता सरचार्जच सहा हजारांच्या वर जातो आणि टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स पगारातून कापतात ते आहेच वर. माझ्या मावसभावाचं डिसेंबरात लग्न झालं, त्याला इथे कायम राहायची परवानगी मिळालेली आहे, पगार २६ हजार. कागद जमवेपर्यंत ११ एप्रिल उजाडला नि अट बदलली, बायको अजून नाशिकलाच आहे. माझ्या मते सुनक जाणार, लेबर पक्षाचे स्टार्मर येणार, आणि यायलाच हवेत.

हॅरोकरीण
भावाचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही अर्धंच सांगताय. सुनक आले तेव्हा महागाई ११.१ टक्के होती, परवा १९ जूनला आकडा आला, २ टक्के! हे सगळं आधीच्या पंतप्रधान ट्रसबाईंनी ४९ दिवसांत जे करून ठेवलं त्याच्यानंतर. त्यांच्या करकपातीच्या मिनी बजेटच्या आठवड्यात आमचं मॉर्गेज रिन्यू करायचं होतं, बँकेने हातात दिलेली ऑफर परत घेतली, दोन टक्क्यांच्या खालचा दर पाचच्या वर गेला, मी रात्री उठून हिशोब करत बसायचे. ते सावरणारा माणूस मला का नको? तो भारतीय आहे म्हणून नाही, हिशोब कळतो म्हणून. आणि स्टार्मर नक्की कशासाठी उभे आहेत सांगा. २०२० मध्ये युनिव्हर्सिटीची फी रद्द करतो म्हणून नेते झाले, मागच्या वर्षी ते सोडलं. वर्षाला २८ अब्ज हरित कामांना देणार होते, फेब्रुवारीत तेही सोडलं. न सोडलेली गोष्ट म्हणजे प्रायव्हेट शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट. आम्ही दोघं नोकरी करून, भारताची ट्रिप दोन वर्षं रद्द करून मुलाची फी भरतोय, आम्ही काही लॉर्ड नाही हो. देशात काहीही होवो, आमच्या लंडनच्या हॅरो ईस्ट मतदारसंघात टोरींचे बॉब ब्लॅकमनच परत येतील, २०१० पासून आहेत, देवळापासून गुजराती शाळेपर्यंत सगळीकडे माणूस दिसतो.

लीड्सची नर्स
ताई, महागाई २ टक्के म्हणजे भाव उतरले नाहीत, चढायचा वेग कमी झाला फक्त. तेलाची बाटली मी अजून महागच आणते. आणि सुनकनी जानेवारी २०२३ ला जी पाच वचनं दिली त्यात हॉस्पिटलची वेटिंग लिस्ट कमी करीन हे पण होतं. तेव्हा ७२ लाखांच्या आसपास होती, आता साडेपंच्याहत्तर लाखांच्या वर. ते कागदावर आकडे आहेत, माझ्याकडे रोज समोर बसलेली माणसं आहेत, गुडघ्यासाठी दीड वर्ष थांबलेली आजी मलाच विचारते माझं काय झालं गं. मार्चपासून केअर वर्करला नवरा-मुलं आणायची बंदी आली, म्हातारी माणसं सांभाळायला कोण येणार मग? स्टार्मर आठवड्याला ४०,००० जास्तीच्या अपॉइंटमेंट देणार म्हणतात, संध्याकाळी आणि वीकेंडला, म्हणजे ते पण आम्हीच करणार. तरी मत लेबरलाच, निदान विषय त्यांना महत्त्वाचा वाटतो.

बर्मिंगहॅमचे काका
मी १९७४ पासून इथे आहे, डॉक्टर होतो, आता निवृत्त. आमच्या वेळी आम्ही टोरींना हुजूर पक्ष नि लेबरला मजूर पक्ष म्हणायचो. १९९२ ला पोल्सवाले लेबरच्या किनॉकचं किनॉक किनॉक करत होते आणि टोरींचे मेजर निवडून आले, ते डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे पोलवर मी सहसा जात नाही. पण या वेळी चूक काढायला जागा दिसत नाही. ६ जूनला नॉर्मंडीत दुसऱ्या महायुद्धातल्या डी-डेची ८० वर्षं, नव्वदी ओलांडलेले सैनिक खुर्च्यांवर बसलेले, आणि पंतप्रधान अर्ध्यातून परत येतात! माझ्या शेजारचा गोरा म्हातारा आयुष्यभर टोरी, त्या दिवसापासून नावही काढत नाही. त्याचं मत रिफॉर्म पक्षाच्या फराजला जाणार. फराज ३ जूनला क्लॅक्टनमधून उभे राहिले आणि दहा दिवसांत एका पोलमध्ये रिफॉर्म १९, टोरी १८. सीटा फार मिळणार नाहीत हे मी लिहून देतो, २०१५ ला फराजच्या तेव्हाच्या युकिप पक्षाला १२.६ टक्के मतं होती आणि सीट एक, स्कॉटलंडच्या एसएनपी पक्षाला ४.७ टक्क्यांत ५६. पण मतं फोडून टोरींच्या शंभर ठिकाणी लेबरला दार उघडून देतील. स्लाऊकर, तुम्ही टोरींच्या पराभवावर खूश आहात ना, मग हेही बघा. सुनक पडले की तो पक्ष मधल्या रस्त्यावर येणार नाही, फराजच्या मागे धावेल. २९ हजार तेव्हा तुम्हाला स्वस्त वाटतील. मी लिबडेम पक्षाला देतो, त्यांचे नेते एड डेव्ही प्रचारात पाण्यात पडतात म्हणून लोक हसतात पण आईची, मुलाची सेवा केलेला माणूस आहे, केअरबद्दल तोच मनापासून बोलतोय.

ग्लासगोवाला
इकडचं, स्कॉटलंडचं कोणीच धरत नाहीये. एसएनपीचे स्टर्जन, युसफ, स्विनी, सव्वा वर्षात तीन नेते. २०१९ ला इथे एसएनपीच्या ४८ सीटा होत्या, लेबरची एक. त्या ४८ मधल्या बऱ्याच लेबरकडे जाणार, आणि त्या स्टार्मरच्या प्रेमापोटी नाहीत, लोक लंडनच्या टोरी नि इथल्या एसएनपी, दोन्ही सरकारांना कंटाळलेत.

स्लाऊकर
काका, तुमच्या मुद्द्याने मला गप्प केलं काही वेळ. पण उद्याच्या भीतीने आजचा अन्याय करणाऱ्याला मत द्यायचं हे मला जमत नाही. हॅरोकरीण, व्हॅटचं दुखणं कळतं, पण त्यातून ६,५०० शिक्षक सरकारी शाळांना मिळणार आहेत, माझी मुलगी तिथेच जाते आणि या वर्षी तिच्या वर्गाला गणिताला पाच वेगवेगळे बदली शिक्षक झाले.

हॅरोकरीण
आणि लेबरच्या जाहीरनाम्यात २९ हजारांची अट काढून टाकू असं कुठे लिहिलंय? मी बसून वाचला. बाहेरून येणारे कमी करू एवढं मात्र स्पष्ट लिहिलंय. वहिनींचा व्हिसा स्टार्मर देतील हे तुम्ही धरून चाललाय, त्यांनी म्हटलेलं नाही.

स्लाऊकर
नाही म्हटलेलं, खरंय. भावाला काल तेच सांगितलं, सरकार बदलेल पण तू तिकीट काढू नकोस अजून. तो ओव्हरटाइम घेतोय, तीन हजार कमी पडतायत. मत तरी मी बदलत नाही. आणि ग्रुपवर विचारत होते त्यांच्यासाठी, या वेळी बूथवर फोटो आयडी लागतो, आपला भारतीय पासपोर्ट चालतो, विसरू नका.